गोळीने वजन वाढतंय, म्हणून गोळीच सोडायची का?

पत्र :

डॉक्टर, नमस्कार.

माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. चार वर्षांपूर्वी त्याला स्किझोफ्रेनिया असल्याचं निदान झालं. ओलान्झापिनची गोळी सुरू झाली आणि तीन महिन्यांत आमचा भाऊ आम्हाला परत मिळाला. कानात येणारे आवाज थांबले, झोप लागू लागली, पुढे त्याने हिशेबाचं अर्धवेळ कामही धरलं. पण तेव्हा ६४ किलोचा असलेला तो आज ८९ किलोचा आहे. मागच्या महिन्यात रक्त तपासलं तर शुगर 'बॉर्डरवर' असल्याचं कळलं. जेवताना रोज वाद होतात. आई म्हणते, "जरा हात आवर", आणि तो भरल्या ताटावरून उठून जातो. एकदा रात्री दोन वाजता तो स्वयंपाकघरात उभ्याने खाताना मला दिसला. मला पाहून तो रडला.

आता त्याने कुठेतरी ऐकलंय की मानसिक आजार हा मुळात चयापचयाचाच आजार असतो, पिष्टमय पदार्थ पूर्ण बंद केले की मेंदू बरा होतो आणि गोळ्या लागतच नाहीत. तसा आहार त्याने सुरू केलाय. काल मला समजलं की गेले नऊ दिवस तो गोळी एक दिवसाआड घेतोय. "बघ, काही झालं का मला?" असं वर विचारतो. त्याच्या डॉक्टरांना सांगायला मात्र घाबरतो. यात खरं किती आहे? आधी मन सांभाळायचं की शरीर?

— एक बहीण

उत्तर :

ताई,

आधी घाईचं सांगते, बाकीचं मग बोलू. आजच त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा आणि नऊ दिवसांचं खरं काय ते सांगा. शक्य असेल तर फोन त्यालाच करू दे, तुम्ही फक्त शेजारी बसा. राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या म्हणून एकदम दोन देऊ नका. पुढचा डोस किती आणि कसा, ते डॉक्टर ठरवतील. 'काही झालं नाही' यावर विसंबू नका. ओलान्झापिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण ३० तास लागतात, त्यामुळे एक दिवसाआड घेतली तरी बरंचसं औषध अंगात शिल्लक राहतं. आणि हा आजार गोळी चुकल्याच्या दुसऱ्या दिवशी उलटत नाही. बहुतेक वेळा तो काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी उचल खातो. 'आता गोळीवाचून जमतंय' असं माणसाला ठामपणे वाटू लागतं, ते नेमकं याच मधल्या काळात. झोप तुटायला लागली, तो पुन्हा संशयाने बोलू लागला, खोलीतून बाहेर येईना, एकटाच कुणाशी तरी बोलताना दिसला, तर ठरलेल्या भेटीची वाट पाहू नका. जीव नकोसा झाल्याची भाषा निघाली तर त्याच दिवशी इस्पितळात न्या.

आता तुमचा प्रश्न. त्याने जे ऐकलंय त्यात खरं किती?

तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा जास्त. म्हणून त्याला वेड्यात काढू नका. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असतं, पण आपण नुसते बसलेलो असतानाही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. प्रत्येक मज्जापेशीला संदेश पाठवल्यानंतर आतले-बाहेरचे क्षार पुन्हा जागच्या जागी आणून ठेवावे लागतात, आणि या कामाला अखंड इंधन लागतं. इतक्या खर्चिक अवयवाचा शरीराच्या इंधन-व्यवस्थेशी संबंध नसेल असं मानणंच खरं तर विचित्र आहे. आणि ही काही अलीकडची कल्पना नव्हे. ज्या कुटुंबांत वेडाचे आजार दिसतात तिथे मधुमेहही वारंवार आढळतो, अशी नोंद हेन्री मॉड्सली या इंग्रज डॉक्टरांनी १८७९ मध्ये करून ठेवली आहे. या आजारावरची पहिली खरी परिणामकारक गोळी त्यानंतर सत्तरेक वर्षांनी आली. म्हणजे ते निरीक्षण गोळ्यांच्या दुष्परिणामांचं असणं शक्यच नव्हतं.

पुढे त्याला पुरावेही मिळाले. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दिसलं की सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा, पहिलाच झटका आलेल्या, औषध जवळजवळ न घेतलेल्या रुग्णांमध्येही इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद इतरांपेक्षा मंद असतो. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये युद्धामुळे उपासमार झाली. तिच्या ऐन तडाख्यात गर्भ राहिलेल्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण साधारण दुप्पट आढळलं, आणि त्या काळात आईच्या पोटात असलेल्या मुलांना पन्नाशीला येईपर्यंत साखर पचवणंही इतरांपेक्षा अवघड जात होतं. आईच्या पोटात सोसलेल्या एकाच उपासमारीच्या खुणा मनावरही दिसल्या आणि शरीरावरही. मला स्वतःला हा पुरावा फार अस्वस्थ करतो. आजारी माणसाला 'तू स्वतःच ओढवून घेतलंस' असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी त्या हिवाळ्याची गोष्ट सांगते.

नैराश्याचं नातं तर दोन्ही बाजूंनी आहे. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं. उलट बाजूने, नैराश्य असलेल्यांना पुढे टाइप २ मधुमेह होण्याचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी जास्त असतो, असं २००८ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. झोपेचंही तेच. १९९९ मध्ये ११ निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तेवढ्यानेच त्यांची साखर हाताळण्याची क्षमता खालावली. ज्याची झोप वर्षानुवर्षं मोडलेली आहे त्याच्या शरीरात काय होत असेल, याचा अंदाज करा.

तर नातं आहे, खोल आहे. पण नातं आहे म्हणून तेच आजाराचं मूळ आहे आणि ते दुरुस्त केलं की आजार गेला, ही उडी फार मोठी आहे. ही उडी आमच्या क्षेत्राने पूर्वी एकदा मारली आहे, आणि तिची किंमत रुग्णांनी मोजली आहे. १९३३ मध्ये व्हिएन्नात मॅनफ्रेड झाकेल यांनी स्किझोफ्रेनियावर इन्सुलिन कोमाचा उपचार पुढे आणला. रुग्णाला दररोज इन्सुलिन टोचायचं, साखर पार खाली नेऊन त्याला बेशुद्ध करायचं आणि मग ग्लुकोज देऊन शुद्धीवर आणायचं. असं कित्येक आठवडे. जगभरातल्या इस्पितळांत त्यासाठी खास वॉर्ड उघडले. डॉक्टर प्रामाणिक होते, नर्सेस जिवापाड सेवा करत होत्या, काही रुग्ण सुधारलेलेही दिसत होते, आणि काही रुग्ण दगावतही होते. शेवटी १९५७ मध्ये लंडनमध्ये कुणीतरी साधी तुलना करून पाहिली. अर्ध्या रुग्णांना इन्सुलिनने बेशुद्ध केलं, अर्ध्यांना झोपेच्या औषधाने. निकालात फरक नव्हता. जी सुधारणा दिसत होती ती साखरेमुळे नव्हतीच. तुलना न करता 'मला फरक पडला' यावर उभं राहिलेलं कुठलंही शास्त्र मी म्हणूनच जरा सांभाळून ऐकते.

तुमच्या भावाने सुरू केलेल्या आहाराचा इतिहास यापेक्षा पुष्कळ चांगला आहे, हेही सांगायला हवं. पिष्टमय पदार्थ अगदी कमी, स्निग्ध पदार्थ भरपूर, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबीपासून बनलेल्या कीटोन्सवर चालायला लागतं. याला किटोजेनिक आहार म्हणतात. १९२१ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी, म्हणजे फिट्ससाठी, तो सुचवला, आणि औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात, विशेषतः लहान मुलांमध्ये, तो आजही वापरला जातो. मेंदूच्या आजारावर आहाराचा परिणाम होऊच शकत नाही असं म्हणणाऱ्याला हे उत्तर पुरेसं आहे. मानसिक आजारांवरही त्याचे प्रयोग चालू आहेत. २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी बायपोलर आजार (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणारा) किंवा स्किझोफ्रेनिया असलेल्या आणि चयापचय बिघडलेल्या २१ जणांना चार महिने हा आहार दिला. वजन आणि शरीराची इतर मापं सुधारली, मनाच्या लक्षणांतही सुधारणा दिसली. आशादायक आहे, मीही त्यावर लक्ष ठेवून आहे. पण माणसं २१. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आणि तुमच्या भावाला नीट वाचून दाखवायची गोष्ट ही, की त्या लोकांनी त्यांची औषधं सोडलेली नव्हती. गोळ्यांच्या जागी आहार, असा तो प्रयोगच नव्हता.

त्याला हा आहार खरोखर करून पाहायचा असेल तर मी लगेच 'नाही' म्हणणार नाही. फक्त गुपचूप नको. सुरुवातीच्या दिवसांत शरीरातून मीठ आणि पाणी भराभर बाहेर जातं, थकवा येतो, झोप बिघडू शकते. ज्याच्या आजाराची पहिली खूणच झोप उडणं ही आहे, त्याच्यासाठी ही किरकोळ गोष्ट नाही. कुणी बायपोलर आजारावरचं लिथियम घेत असेल तर मीठ-पाण्याच्या या चढउताराने त्याचं रक्तातलं प्रमाण धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. मधुमेहाच्या ज्या गोळ्यांचं नाव 'ग्लिफ्लोझिन'ने संपतं, त्या घेत असताना हा आहार केला तर रक्त आम्लधर्मी होऊन जिवावर बेतू शकतं. म्हणून तो आहार डॉक्टरांच्या आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, गोळी चालू ठेवून, रक्त तपासत. तसं जमत नसेल तर सध्या नको.

आता रात्री दोन वाजताच्या त्या स्वयंपाकघराकडे येते. तुमच्या पत्रातलं माझं मन सगळ्यात जास्त तिथे अडकलं.

ताई, ती भूक त्याची नाही. ती गोळीची आहे. हिस्टामीन आणि सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनांचा संदेश घेणाऱ्या, पेशींवरच्या अशा काही जागा ओलान्झापिन बंद करते ज्या एरवी 'पुरे झालं' हा निरोप पोचवतात. पोट भरतं, निरोप पोचत नाही. शिवाय ती स्वादुपिंडाच्या कामातही ढवळाढवळ करते, त्यामुळे काही जणांची साखर वजन फारसं वाढण्याआधीच बिघडायला लागते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १,५०० रुग्णांच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत ओलान्झापिन घेणाऱ्यांचं वजन उपचार चालू असताना सरासरी दरमहा सुमारे ०.९ किलोने वाढत होतं. तुमच्या भावाचे २५ किलो चार वर्षांतले आहेत. म्हणजे तो आतापर्यंत हात आवरतच आला असावा. त्या रात्री तुम्हाला पाहून तो रडला, कारण आपण कशाशी झुंजतोय हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. आपण हावरट आहोत असंच त्याला वाटतंय, आणि रोज जेवताना घर त्यावर शिक्कामोर्तब करतंय.

हा दोष मी आईंना देत नाही. तो आम्हा डॉक्टरांचा आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत माझ्या खोलीत वजनकाटा नव्हता. आवाज थांबले का, झोप लागते का, कामावर जातो का, एवढं विचारून मी चिठ्ठी लिहून देत असे. क्लोझापिन या अशाच दुसऱ्या गोळीवर असलेल्या एका मुलाच्या आईला मी एकदा कौतुकाने म्हणाले होते, "बघा, कसं छान अंग धरलंय!" तो मुलगा दोन वर्षांनी मधुमेहाची फाइल घेऊन माझ्यासमोर बसला. त्या दोन वर्षांत तो माझ्याकडे दर महिन्याला येत होता, ताई. दर महिन्याला. त्यानंतर काटा आला, मोजपट्टी आली, पण त्या मुलाच्या बाबतीत उशीर झाला होता. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी मिळून वेळापत्रकच घालून दिलं. अशी औषधं सुरू करण्याआधी वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल बघायचं. मग चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला वजन, नंतर दर तिमाहीला. साखर आणि रक्तदाब बाराव्या आठवड्याला, पुढे निदान वर्षातून एकदा. वेळापत्रक झालं, तरी ते पाळलं जातंच असं नाही, म्हणून तुम्ही ते मागायला शिका.

एवढा आग्रह का, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार गंभीर मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात. आत्महत्या हे त्याचं एक कारण आहेच, पण त्यातले बहुतेक मृत्यू हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांनी होतात, ज्यातले पुष्कळ टाळता येण्यासारखे असतात. तुमच्या भावाची चिंता म्हणूनच रास्त आहे. 'डोकं ठिकाणावर आहे ना, मग वजनाचं काय एवढं' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

मग गोळी सोडणं हाच मार्ग नाही का? तर इथे दोन आकडे आहेत, आणि ते मी त्याच्याशी बोलताना समोर ठेवीन. २०१२ मध्ये ६५ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. स्थिर झालेल्या रुग्णांपैकी गोळी चालू ठेवणाऱ्यांत सात ते बारा महिन्यांत २७ टक्के लोकांचा आजार उलटला, आणि गोळीऐवजी बिनऔषधाची गोळी दिलेल्यांत ६४ टक्के. म्हणजे गोळी घेऊनही काहींचा उलटतो, आणि न घेताही काहींचा उलटत नाही. त्याला कुणीतरी गोळ्या सोडून ठणठणीत असलेला माणूस दाखवला असेल, आणि तो माणूस खोटा नसेलही. पण आपला भाऊ कुठल्या गटात निघेल हे आधी सांगता येत नाही.

दुसरा आकडा फिनलंडचा. तिथे स्किझोफ्रेनियाच्या ६२,२५० रुग्णांच्या नोंदी २० वर्षांपर्यंत तपासल्या गेल्या आणि २०२० मध्ये निष्कर्ष छापून आले. या औषधांपैकी कुठलंच चालू नसतानाच्या काळात एकूण मृत्यूंचं प्रमाण ४६.२ टक्के निघालं, कुठलंही एक चालू असताना २५.७ टक्के, आणि क्लोझापिन चालू असताना १५.६ टक्के. क्लोझापिन हे वजन वाढवण्यात ओलान्झापिनच्या बरोबरीचं औषध आहे, तरीही. ही चाचणी नव्हे, नोंदींचा अभ्यास आहे. गोळी नेमाने घेणारी माणसं एरवीही स्वतःची जास्त काळजी घेत असतील, त्यामुळे सगळं श्रेय गोळीला देता येणार नाही. पण 'गोळ्याच माणसाला मारतात' हे म्हणणं या नोंदींपुढे टिकत नाही. मन स्थिर असलेला माणूस चालायला जातो, रक्त तपासून घेतो, छातीत दुखलं तर सांगतो. आवाजांनी घेरलेला माणूस यातलं काहीच करू शकत नाही.

तुम्ही विचारलंत, आधी मन की शरीर. आधी-नंतर काही नाही. एकाच भेटीत, एकाच कागदावर दोन्ही. त्यासाठी त्याच्या डॉक्टरांची वेळ नेहमीपेक्षा मोठी मागून घ्या आणि जाताना वजनाची चार वर्षांची जमेल तेवढी नोंद न्या. तपासण्यांमध्ये उपाशीपोटीच्या साखरेबरोबर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि थायरॉइड असू दे. थायरॉइड मंदावला की वजन वाढतं, मरगळ येते, आणि ती सहज नैराश्य म्हणून खपून जाते. कंबरेचा घेर मोजायला सांगा. दक्षिण आशियाई वंशाच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरपासून पुढे धोका मानतात, आणि पोटाभोवतीची चरबी नुसत्या वजनापेक्षा जास्त खरं सांगते.

मग विचारा की गोळी बदलता येईल का. अॅरिपिप्राझोल, लुरासिडोन यांसारख्या औषधांनी वजन पुष्कळ कमी वाढतं. पण इथे मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. जी गोळी एखाद्याला तीन महिन्यांत माणसांत आणते, ती सहजासहजी बदलू नये असं माझं मत आहे. बदललेली गोळी लागू पडेलच याची हमी नसते. बदल करायचाच ठरला तर एक हळूहळू उतरवत दुसरी चढवायची, घरात कुणाचं तरी लक्ष असताना, आणि आयुष्यातला बऱ्यापैकी शांत काळ बघून. नोकरी बदलताना किंवा घर हलवताना नव्हे.

गोळी तीच ठेवायची तर तिच्याबरोबर दुसरं औषध देता येतं, आणि हे अजूनही फार कमी जणांना माहीत असतं. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची जुनी, स्वस्त, पारखलेली गोळी. २०१३ मधल्या एका चाचणीत अशी औषधं घेणाऱ्या रुग्णांचं वजन मेटफॉर्मिनने १६ आठवड्यांत सरासरी ३ किलो उतरलं, बिनऔषधाच्या गोळीने १ किलो. आकडा मोठा नाही. पण जे वजन चढतच चाललं होतं ते उतरायला लागणं, याचं मोल त्या माणसालाच कळतं. शुगर बॉर्डरवर असताना तर तिचा विचार नक्की व्हायला हवा. आधी मूत्रपिंडाची तपासणी, आणि पुढे अधूनमधून बी१२ जीवनसत्त्व बघत राहायचं, कारण दीर्घकाळ घेतल्यास ती बी१२ कमी करते. भूक शमवणारी नवी इंजेक्शनंही आहेत. त्यांतल्या लिराग्लुटाइडची २०१७ मध्ये नेमक्या तुमच्या भावासारख्या लोकांवर चाचणी झाली, म्हणजे क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू, वजन जास्त, साखर सीमेवर. १६ आठवड्यांत इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी जवळजवळ ६४ टक्के लोकांची साखर पुन्हा सामान्य झाली, न घेणाऱ्यांत १६ टक्के. त्याच्यासाठी ते योग्य आहे का हे त्याचे डॉक्टरच सांगतील, पण प्रश्न तुम्ही विचारा.

आणि व्यायाम-आहार? होय, उपयोग होतो, मात्र 'जरा हात आवर' म्हणून नाही. २०१३ च्याच आणखी एका अमेरिकन अभ्यासात गंभीर मानसिक आजार असलेल्या २९१ जणांपैकी अर्ध्यांना दीड वर्ष गटाने व्यायाम आणि खाण्याचं साधं, पुन्हा पुन्हा सांगितलेलं मार्गदर्शन मिळालं. दुसऱ्या गटापेक्षा त्यांचं वजन सरासरी ३.२ किलोने जास्त उतरलं. मला त्यातली जास्त महत्त्वाची गोष्ट ही वाटते, की वजन सुरुवातीला उतरून परत चढलं नाही, दीड वर्ष ते उतरत गेलं. सिडनीमध्ये तर औषध सुरू झाल्याबरोबरच तरुण रुग्णांना आहारतज्ज्ञ आणि व्यायामाचा मार्गदर्शक दिला. बारा आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी १.८ किलो वाढलं. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचं ७.८ किलो.

घरात काय बदलायचं, तर सगळ्यात आधी जेवतानाचं बोलणं. हे मी केवळ मायेपोटी सांगत नाही. ज्या घरात रुग्णावर सतत टीका होते, त्या घरात स्किझोफ्रेनिया उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, हे १९७० च्या दशकापासून पुन्हा पुन्हा दिसून आलेलं आहे. म्हणजे त्याच्या खाण्यावरून रोज उडणारे खटके त्याच्या मनाच्या आजारालाच खतपाणी घालतात. आईंना हा कागद वाचून दाखवा. "ती भूक गोळीची आहे" एवढं त्यांना पटलं तर अर्धं काम झालं. त्यांना धाक वाटतोय, तो त्या शब्दांतून बाहेर पडतोय, हे मला कळतं.

स्वयंपाकघराला कुलूप लावू नका, त्याने लपवाछपवी वाढते. त्यापेक्षा रात्री त्याला उठून काही खावंसं वाटणारच आहे असं गृहीत धरा आणि पोट भरेल पण साखर उसळणार नाही असं काहीतरी त्याच्या हाताशी ठेवा, उघडपणे, त्याला सांगून. या गोळ्यांनी तोंडही कोरडं पडतं. मग माणूस गोड पेयं पीत राहतो आणि ती 'खाण्यात' मोजलीच जात नाहीत. पाण्याची बाटली त्याच्याजवळ असू दे. गोळीची वेळ बदलून रात्रीची जाग किंवा भूक कमी होईल का, हेही डॉक्टरांना विचारून बघा. आणि त्याला चालायला पाठवू नका, त्याच्याबरोबर चालायला जा.

आणखी एक, तुम्ही लिहिलेलं नाही तरी विचारते. तो सिगारेट ओढतो का? सिगारेटच्या धुरामुळे यकृत ओलान्झापिन जास्त वेगाने निकामी करतं. तब्येतीच्या या नव्या उमेदीत त्याने एकदम सिगारेट सोडली तर त्याच डोसवर रक्तातलं औषध वाढतं, गुंगी वाढते, आणि 'गोळी मला सोसत नाही' असं वाटून तो ती पुन्हा टाळेल. सिगारेट जरूर सोडू दे, पण तारीख आधी डॉक्टरांना सांगून.

राहिला त्याचा घाबरटपणा. गोळी चुकवल्याचं कळलं तर डॉक्टर रागावतील असं त्याला वाटतंय. काही रागावतातही. तरी बहुतेकांना खोट्या 'सगळं नीट चाललंय'पेक्षा हे खरं ऐकायला आवडतं, कारण खोट्या माहितीवर डोस ठरवला तर तो चुकतो. त्याला म्हणा, "तू जे ऐकलंस त्यातलं पुष्कळसं खरं आहे, मी विचारून आले. तुझी भूक गोळीमुळे आहे हेही विचारून आले. आता आपण दोघं मिळून डॉक्टरांना सांगू की या वजनाचं काहीतरी करा, नाहीतर मला गोळी घेववत नाही." हे शेवटचं वाक्य त्याने स्वतःच्या तोंडाने डॉक्टरांना सांगावं असं मला फार वाटतं. डॉक्टरांनी वजनाचा विषय दोनदा काढूनही उडवून लावला, तर दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचं मत घ्यायला संकोचू नका. पण तोवर गोळी चालू राहू दे.

भेट झाली की मला लिहा. काय ठरलं ते कळवा, आणि कंबरेचा घेर किती भरला तेही.